डाउनलोड नेमकं कुठं दाबायचं?

“दादा, इथं एएमडी सिक्स्टीफोर लिहिलंय. आपल्या मशीनवर तर इंटेलचं स्टिकर आहे. म्हणजे हे आपल्यासाठी नाही ना?”

माझा मामेभाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेला कुणीतरी वापरून झालेले पाच कॉम्प्युटर देऊन टाकले. त्यांच्यावरचं विंडोज सुरू होईपर्यंत निम्मा तास संपायचा. डेबियन (विंडोजच्या जागी चालणारी फुकट लिनक्स सिस्टीम) टाकून बघ, असं मीच त्याला दिवाळीत सुचवलं आणि ‘साइटवर जायचं, डाउनलोड करायचं, सोपं आहे’ म्हणून मोकळा झालो. तो शोधत शोधत ज्या पानावर पोचला तिथं एएमडी६४, एआरएम६४, आय३८६, पीपीसी६४ईएल, एस३९०एक्स अशी नावांची रांग होती. शेवटचं नाव आयबीएमच्या मेनफ्रेमचं. म्हणजे मोठ्या बँका ज्यावर चालतात त्या यंत्राची फाइल आणि वर्गाच्या कोपऱ्यातल्या डेस्कटॉपची फाइल शेजारी शेजारी, एकाच मापाच्या अक्षरात.

त्याचा प्रश्न अडाणीपणाचा अजिबात नव्हता. ६४-बिटची ही रचना आधी एएमडीनं आणली, तिची पहिली चिप २००३ साली बाजारात आली, आणि मग इंटेलनंही तीच उचलली. डेबियननं ज्याचं श्रेय त्याला म्हणून जुनं नाव ठेवलं. त्याच गोष्टीला विंडोजवाले एक्स६४ म्हणतात, फेडोरा नावाच्या दुसऱ्या लिनक्सवाले एक्स८६-६४ म्हणतात. इतिहास म्हणून हे छान आहे. पण ज्याला इतिहास ठाऊक नाही त्याला ते पान सरळ सांगतं की तुझं मशीन या यादीत नाही. त्यावर कुणी ‘आहे’ असं सांगितलं नाही, तर तो गप्प निघून जातो. माझ्या भावाला फोन करायला मी होतो एवढंच.

ओपन सोर्सच्या, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या, जगात परवान्यावर जेवढी चर्चा झाली, तिच्या शंभराव्या हिश्श्यानंही डाउनलोडच्या पानावर झाली नसेल. कोड कुणाचा, बदल कुणी करायचे, वाटायचा हक्क कुणाला, यावर माणसांनी वर्षं घातली. पण परवान्यानं दिलेलं स्वातंत्र्य हातात पडतं ते एका लिंकवरून. ती सापडली नाही, किंवा सापडूनही कळली नाही, तर ते स्वातंत्र्य कागदावरच राहिलं. म्हणून माझं म्हणणं असं की लिंका कशा मांडायच्या हा सजावटीचा प्रश्न नाही. आपण हे सॉफ्टवेअर कुणासाठी करतो, याचं उत्तर प्रकल्प त्या पानावर देत असतो. बऱ्याचदा ते उत्तर ‘आमच्यासाठी’ असं असतं.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर खुद्द डेबियनमध्येच काय झालं ते बघा.

लॅपटॉपमधल्या वायफाय कार्डाला चालायला एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. बहुतेक कंपन्या त्याचा सोर्स (मूळ कोड) देत नाहीत. डेबियनचा १९९७ चा सामाजिक करार सांगतो की डेबियन शंभर टक्के मुक्त राहील. त्यामुळे अधिकृत आयएसओमध्ये (इन्स्टॉल करायच्या फाइलमध्ये) हे फर्मवेअर घालायचं नाही, असा नियम झाला. मग माणूस ‘नेटइन्स्ट’ नावाची छोटी आयएसओ उतरवायचा. नावाप्रमाणं ती बाकीचं सगळं नेटवरून आणते. नेट वायफायवर, वायफायला फर्मवेअर हवं, आणि फर्मवेअर आयएसओत नाही. इन्स्टॉलर शांतपणे सांगायचा की अमुक नावाची फाइल पेनड्राइव्हवर आणून द्या. कुठून आणायची? ज्या लॅपटॉपवर नेट नाही त्यावरून?

गंमत अशी की फर्मवेअर घातलेल्या आयएसओ डेबियनचीच माणसं तयार करत होती. पण त्या ‘अनऑफिशियल’ नावाच्या फोल्डरात, चार पायऱ्या आत ठेवलेल्या. पुढच्या दाराला तत्त्वाची फाइल, परसदारी चालणारी फाइल. माहीतगार लोक एकमेकांना परसदाराचा रस्ता सांगायचे आणि बाकीचे ‘डेबियन चालत नाही’ असा निष्कर्ष काढून दुसरीकडे जायचे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं.

अखेर २०२२ मध्ये डेबियनच्या डेव्हलपरांनी यावर मतदान घेतलं. पर्याय बरेच होते. दोन्ही आयएसओ शेजारी शेजारी ठेवा, असा एक. आहे तसं चालू द्या, असाही एक. जिंकला तो पर्याय म्हणजे फर्मवेअर घातलेला एकच अधिकृत इन्स्टॉलर, आणि त्यासाठी सामाजिक करारातच एक वाक्य वाढवायचं. करार बदलायचा म्हणजे तीनास एक बहुमत लागतं. तेही मिळालं. १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून वायफाय पहिल्याच झटक्यात चालायला लागलं. वरवर हा फर्मवेअरचा वाद होता, पण मतपत्रिका वाचली तर लक्षात येतं की पानावर लिंका किती असाव्यात आणि कोणती पुढं असावी, हाही वादाचाच भाग होता. आणि त्यासाठी एका प्रकल्पाला आपली घटनादुरुस्ती करावी लागली!

तत्त्वनिष्ठांना हा पराभव वाटला, आणि त्यांची बाजू मला समजते. पण परसदारी ठेवलेली आयएसओ म्हणजे काही तत्त्व नव्हतं. ज्याच्या ओळखी आहेत त्याला सोय आणि ज्याच्या नाहीत त्याला धडा, असा तो व्यवहार होता.

मग उलट टोकाचं उत्तर येतं: सगळी यादी काढून टाका, एकच मोठं बटण ठेवा, ब्राउझरला विचारून योग्य ती फाइल आपोआप द्या. आजकाल बहुतेक प्रकल्पांची पानं अशीच असतात. वरवर छान. पण ब्राउझर काय सांगतो ते जरा जवळून बघू.

अॅपलनं नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःच्या चिपचे मॅक आणले. त्या मॅकवरचा सफारी किंवा क्रोम आजही वेबसाइटला ‘मी इंटेल मॅक’ असंच सांगतो. जुन्या वेबसाइट मोडू नयेत म्हणून ही सोय. त्यामुळे नुसत्या या ओळखीवर विसंबलेलं बटण नव्या मॅकला जुन्या चिपची फाइल देऊन मोकळं होतं. ती रोझेटावर, म्हणजे जुन्या चिपचे प्रोग्राम चालवून घेणाऱ्या अॅपलच्याच सोयीवर, चालते, म्हणून तक्रार कुणी करत नाही. मशीन विनाकारण तापत मात्र राहतं.

त्याहून मोठी अडचण आपल्याकडची आहे. आपल्याकडं कॉम्प्युटरसाठीची फाइल कॉम्प्युटरवरच उतरवली जाते, हे गृहीत चुकीचं आहे. शाळेत, ग्रामपंचायतीत, छोट्या दुकानात नेट असतं ते खिशातल्या फोनवर. फाइल फोनवर उतरवायची, ओटीजीनं पेनड्राइव्ह जोडायचा, त्यावर टाकायची आणि मग मशीनला लावायची. आता हा माणूस फोनवरून लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरच्या नाहीतर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या पानावर गेला तर ब्राउझर सांगणार अँड्रॉइड. आपोआप ओळखणारं बटण त्याला प्ले स्टोअरला पाठवणार. शहाणपण करून त्यानं क्रोममध्ये ‘डेस्कटॉप साइट’वर टिक केली, तर क्रोम स्वतःची ओळख ‘लिनक्स एक्स८६-६४’ अशी करून देतो. मग त्याला मिळते लिनक्सची फाइल. हवी होती विंडोजची. तेवढे एमबी गेले, दिवसाच्या दीड जीबीतले. आणि फाइल उघडत नाही म्हणून तो विचारतो, तेव्हा त्याला ऐकवलं जातं की आधी नीट वाचायचं.

अंदाज करायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती अंदाज लपवायला. बटणावर ‘डाउनलोड’ एवढंच न लिहिता ‘विंडोज, ६४-बिट, ३५० एमबी’ असं लिहिलं आणि खाली ‘हे नको होतं? बाकी सगळे पर्याय इथं’ अशी ओळ दिसेलशी ठेवली, की झालं. किराणा दुकानदार न विचारता नेहमीचा चहा पुढं करतो, पण पुड्यावरचं नाव खोडून देत नाही.

माझ्या भावाच्या पाच मशीनपैकी चारांवर एएमडी६४ व्यवस्थित चाललं. पाचवं खरोखरच ३२-बिट निघालं. त्याला आय३८६ हवं होतं, तेच त्या गोंधळात टाकणाऱ्या यादीतलं. एकच बटण असतं तर ते मशीन भंगारात गेलं असतं. पुढं ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिटचा इन्स्टॉलर राहिला नाही, तो निर्णय वेगळा आणि त्याची कारणं वेगळी. पण तोवर ती फाइल असूनही दिसली नसती, तर ते नुसतं नुकसान होतं. म्हणून यादी हवीच. ती पहिल्या दारात नको, आणि तिच्यातल्या प्रत्येक नावापुढं साध्या भाषेत एक ओळ हवी: ‘इंटेल किंवा एएमडी, गेल्या पंधराएक वर्षांतला जवळपास कुठलाही पीसी’. एवढी ओळ असती तर मला फोन आला नसता.

आता जरा अप्रिय विषयाकडं. अधिकृत पान नीट नसलं की लोक सॉफ्टवेअर वापरायचं सोडत नाहीत, दुसरीकडून घेतात. आणि दुसरीकडं काय चालतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. एका पानावर चार हिरवी ‘डाउनलोड’ बटणं, त्यातली तीन जाहिराती.

या बाबतीत गिम्प या फोटो-एडिटरचा अनुभव बोलका आहे. विंडोजसाठीचा गिम्पचा इन्स्टॉलर वर्षानुवर्षं सोर्सफोर्जवर होता. १९९९ साली सुरू झालेलं सोर्सफोर्ज म्हणजे एके काळी ओपन सोर्सचं गावच. २०१३ मध्ये तिथं इन्स्टॉलरबरोबर इतर कंपन्यांची ‘ऑफर’ गुंडाळून देण्याची योजना आली, पानांवर फसव्या डाउनलोड बटणांच्या जाहिराती होत्याच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गिम्पनं तिथून मुक्काम हलवला आणि फाइली स्वतःच्या सर्व्हरवर नेल्या. गोष्ट इथं संपायला हवी होती. पण २०१५ मध्ये सोर्सफोर्जनं ते ओस पडलेलं खातं स्वतःकडं घेतलं आणि त्याच नावानं ऑफर गुंडाळलेला इन्स्टॉलर वाटायला सुरुवात केली. जुन्या लिंकवरून येणाऱ्याला कळणार कसं की घरमालक बदललाय? आरडाओरडा झाल्यावर ते थांबलं, २०१६ मध्ये नव्या मालकांनी ती योजनाच बंद केली. पण मधल्या काळात ज्यांच्या मशीनवर नको ते बसलं त्यांनी शिव्या गिम्पलाच दिल्या असणार.

भारतात तर २०२२ मध्ये अधिकृत दारच बंद झालं होतं. व्हीएलसीचं संकेतस्थळ फेब्रुवारीपासून इथल्या बऱ्याच नेटवर्कांवर उघडेना. जाहीर आदेश नाही, कारण नाही. ऑक्टोबरमध्ये व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅननं इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या संस्थेच्या मदतीनं सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरात बंदी उठली. त्या आठ-नऊ महिन्यांत इथल्या लोकांनी व्हीएलसी घेणं थांबवलं का? छे. लग्नाचा व्हिडिओ उघडत नाही म्हटल्यावर माणूस ‘व्हीएलसी डाउनलोड’ शोधतो आणि जे वर येईल त्यावर दाबतो. अधिकृत पत्ता उघडत नसेल तर खालचा अनधिकृत उघडतो. सरकारनं सुरक्षेसाठी म्हणून हे केलं असेल तर त्याचा परिणाम नेमका उलटा. इथं चूक प्रकल्पाची नव्हती. पण ‘आमच्या फाइली अधिकृतपणे आणखी कुठं कुठं मिळतात’ ही यादी प्रत्येक प्रकल्पानं आधीपासून ठळक का ठेवावी, ते मला त्या वर्षी कळलं.

अर्थात दारं वाढवली की राखणही वाढते. २०१७ च्या मे महिन्यात हँडब्रेक या व्हिडिओचं रूप बदलणाऱ्या प्रोग्रामच्या दोन डाउनलोड सर्व्हरांपैकी एकावरची मॅकची फाइल कुणीतरी बदलली. चार दिवस मॅकवाल्यांचं नशीब नाणेफेकीवर होतं. त्याच्या आदल्या वर्षी, २० फेब्रुवारी २०१६ ला, लिनक्स मिंट या आणखी एका लिनक्सच्या साइटमध्ये शिरून हल्लेखोरांनी फाइलला हातही लावला नाही. फक्त लिंक बदलली. खरी आयएसओ होती तिथंच होती, पण पानावरून जाणारा रस्ता बल्गेरियातल्या दुसऱ्याच सर्व्हरवर नेऊन सोडत होता. मिंटची सिनॅमन १७.३ ही आवृत्ती घेणाऱ्यांना मागचं दार उघडं असलेली आयएसओ मिळाली. कोड तपासणारे हजार डोळे असतात असं आपण अभिमानानं म्हणतो. त्या पानावरच्या लिंका रोज तपासणारे डोळे किती?

यावर ‘चेकसम दिलेला असतो की’ हे ठरलेलं उत्तर. चेकसम म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडून बघायची खूण. चौसष्ट अक्षरांची ती माळ फाइलशेजारीच, त्याच सर्व्हरवर. ज्यानं लिंक बदलली त्याला माळ बदलायला कितीसा वेळ लागणार? खरी खात्री प्रकल्पाच्या डिजिटल सहीची, आणि सहीची चावी वेगळ्या ठिकाणी हवी. शिवाय ती तपासायची कशी हे विंडोजवाल्याला एका ओळीत सांगायला हवं. ते बहुतेक पानांवर नसतं. माळ असते. पूजेत ठेवतात तशी.

आणखी एक जागा आहे जिथं नवखे हमखास अडखळतात. छोट्या प्रकल्पांकडं स्वतःची साइट नसते, ते सरळ गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या रिलीज पानावर पाठवतात. तिथं फाइलींच्या खाली गिटहब स्वतःहून दोन लिंका जोडतो, सोर्स कोडची झिप आणि सोर्स कोडचा टार. त्या काढता येत नाहीत. आता वरच्या दहा नावांमध्ये ‘झिप’ हा एकच शब्द ओळखीचा असेल तर माणूस काय उचलेल? झिप. उघडून बघतो तर आत शेकडो फाइली, आणि दोनदा क्लिक करावं असं काहीच नाही.

काही मित्र यावर चिडून म्हणतात की सोर्स मागं टाकायचा तर ओपन सोर्स म्हणायचं कशाला. त्यांना मी परवानाच दाखवतो. बायनरी (तयार प्रोग्राम) जिथून देता त्याच ठिकाणी सोर्सही तितक्याच सहजपणे मिळावा, ही वाट जीपीएल या परवान्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत आहे आणि २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीतही; तिसरीत सोर्स दुसऱ्या सर्व्हरवर चालतो, पण तो कुठं आहे ते बायनरीशेजारीच स्पष्ट सांगावं लागतं. म्हणजे लिंकांच्या मांडणीबद्दल जीपीएल गप्प नाही. पण ‘त्याच ठिकाणी’ याचा अर्थ ‘सगळ्यात वर’ असा होत नाही. सोर्स हवा असलेला माणूस ती लिंक पानाच्या तळाशी असली तरी शोधतो, शोधायची त्याला सवय आहे. सवय नसलेल्याला वरची जागा द्यावी, यात तत्त्वाला कुठं धक्का लागतो?

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे. हे प्रकल्प फावल्या वेळात चालवणारी दोन-चार माणसं असतात. फुकट देतात, वर आम्ही त्यांच्या पानाच्या रंगरूपावर बोलायचं? खरं आहे. मी स्वतः कधी काळी उबुंटूची फुकट सीडी पोस्टानं मागवलेला माणूस आहे. तेव्हा पोस्टमन हीच लिंक होती आणि आर्किटेक्चरची, म्हणजे कुठल्या चिपसाठी याची, भानगड सीडीच्या पाकिटावर छापलेली असायची. ती सोय २०११ मध्ये बंद झाली. आता पाकिटावरची ती ओळ कुणीतरी लिहायला हवी, आणि कोड लिहिणाऱ्यालाच ती लिहायला लावणं अन्याय आहे. ती कोड न लिहिणाऱ्यांनी लिहायची. मराठीत मेन्यू भाषांतर करणारे स्वयंसेवक आहेत, त्यांचं काम मोठं आहे. पण मेन्यू दिसतो इन्स्टॉल झाल्यावर. त्याआधीचं पान बहुधा इंग्रजीतच असतं, आणि गळती तिथंच होते.

बोलतो तर करूनही बघावं, म्हणून गेल्या वर्षी एका छोट्या प्रकल्पाला मी लिहिलं. उत्तर आलं: ‘कल्पना चांगली, पॅच पाठवा.’ हे उत्तर म्हणजे या जगातली नम्र चपराक. पाठवला. सतरा ओळींचा बदल: बटणावर नाव आणि आकार, खाली यादी, प्रत्येक नावापुढं एक वाक्य. आकाराबद्दल कुणी काही बोललं नाही. वाद झाला तो विंडोज वर का आणि लिनक्स खाली का, यावर. दोन आठवडे चालला. आपली माणसं लिनक्सवाली, मग पहिला मान त्यांचा, असं एकाचं म्हणणं. मी विचारलं की तुम्ही स्वतः हे सॉफ्टवेअर या पानावरून शेवटचं कधी उतरवलंत? कुणीच उतरवलेलं नव्हतं. सगळे ॲप्ट नाहीतर डीएनएफ या लिनक्समधल्या कमांडनं घेतात. त्या पानाची गरज असलेला एकही माणूस त्या चर्चेत नव्हता.

सध्या पानावर विंडोज वर आहे. लिनक्सच्या ओळीत फाइल नाहीच. एक कमांड आहे, आणि शेजारी ती कॉपी करायचं बटण.